घरच्या खाण्यासाठी कोंबड्या: वनराज, गिरिराज की गावठी?

दापोलीची सून:
आम्ही कायमचे गावी आलोय. घरामागे आंबा-काजूची वाडी आहे, भोवती दगडी गडगा. अंडी दुय्यम, कोंबड्या खायलाच हव्यात. आमच्याकडे गौरीला तिखटाचा (मांसाहारी) नैवेद्य असतो आणि मुंबईची सगळी मंडळी येतात. सासूबाई म्हणतात गावठीच आण. नवरा म्हणतो ब्रॉयलर, दीड महिन्यात मोकळे. दुकानदार कडकनाथ गळ्यात मारतोय. काय घेऊ?

गुहागरची मावशी:
अगं, ब्रॉयलर परड्यात सोडायची जात नव्हे. शेड, तयार खाद्य आणि सतत पाणी असेल तर सहा आठवड्यांत दोन किलो भरते. पण अंगानं जड, घार आली तरी पळवत नाही, आणि वैशाखाच्या उकाड्यात धापा टाकून मरते.

वाडी आहे तर वनराज घे, नाहीतर गिरिराज. वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची, गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची. दोन्ही रंगीत, दिवसभर पाला उकरून किडे-वाळवी वेचतात. वर सकाळ-संध्याकाळ कणी, मका घाल. नीट खायला मिळालं तर कोंबडे चार महिन्यांत दोन किलोच्या आसपास जातात. म्हणजे गौरीसाठी पिल्लं एप्रिलअखेर यायला हवीत. पावसाआधी अंगावर पिसं भरली पाहिजेत, ओलीत पिल्लांना रक्ती हगवण लागते.

पहिले तीन आठवडे खरे जपायचे. खाली भाताचं तूस, वर बल्ब. पिल्लं एकमेकांवर चढून गठ्ठा करून बसली तर त्यांना थंडी वाजतेय, बल्ब खाली घे. कडेला जाऊन चोची उघड्या टाकल्या तर वर घे. सगळीकडे पसरून टिपत असली की ऊब बरोबर आहे.

आणि सासूबाईंचंही ऐक. वनराज-गिरिराज सहसा खुडूक (अंडी उबवायला) बसत नाहीत, शिवाय त्यांची पुढची पिढी वजनाला तेवढी भरत नाही. दोन-तीन गावठी तलंगा (तरुण कोंबड्या) ठेवच. गावठी खुडूक बसली की 21 दिवसांत पिल्लं काढते, आणि घारीची सावली पडली की सगळी पंखाखाली घेते. ते काम बल्ब करत नाही!

नंदुरबारकर:
कडकनाथ आमच्या शेजारच्या, मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, 2018 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कातडी, मांस, हाडं सगळं काळपट, आणि चवीला मी त्याच्यापुढे दुसरं काही ठेवत नाही. पण पाच-सहा महिने पोसूनही दीड किलोच्या आतबाहेरच राहतो. घरभर पाहुण्यांना तो पुरणार नाही, ताई. असील ही झुंजीची जातही टाळा. मांस घट्ट असतं, पण दोन कोंबडे एका परड्यात रक्तबंबाळ होईपर्यंत भांडतात.

पशुधन पर्यवेक्षक, सांगली:
जात कुठलीही घ्या, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकवू नका. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही मानमोडीची लस डोळ्यात थेंब, चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. पुढे देवीची लस, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी, ही पुन्हा मानमोडीचीच. मरेक्स रोगाची लस उबवणी केंद्रातच टोचलेली असते, पिल्लं घेताना विचारून घ्या. लस बर्फातून आणा. एका कुपीत शंभरच्या वर डोस असतात आणि कालवली की दोन तासांत संपवावी लागते, तेव्हा वस्तीतल्या सगळ्यांच्या कोंबड्यांना एकाच दिवशी द्या.

दापोलीची सून:
वनराज आणि तीन गावठी, ठरलं. पण गडग्यात मुंगसं आहेत, त्यांचं काय?

गुहागरची मावशी:
खुराडं जमिनीपासून हातभर उंच कर आणि बारीक जाळी ठोक, मोठ्या भोकांतून मुंगूस शिरतो. पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत दिवसाही डालग्याखालीच (टोपलीखाली) ठेव.