टीएसएच वाढला म्हणजे हार्मोन जास्त झालं ना? मग वर हार्मोनचीच गोळी कशाला?

द्राक्षवाला_तासगाव
नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात अडीच एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. मला औषधाचं गणित पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) कळतं, म्हणून विचारतोय पण त्याच भाषेत. हसू नका.

आमची कारभारीण बेदाण्याच्या शेडवर दिवसभर उभी राहणारी बाई. यंदा फेब्रुवारीपासून दुपारी आडवी पडायला लागली. केस पुंजक्यानं गळायचे. मार्चच्या उन्हात अंगावर शाल. रक्त तपासलं तर टीएसएच १८.६. डॉक्टर म्हणाले, थायरॉइडचं हार्मोन कमी पडतंय, आणि ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. सहा आठवड्यांनी परत तपासलं, ११.९. आकड्याशेजारी वर तोंड केलेला बाण, म्हणजे जास्त.

आता मला सांगा, तोंडानं म्हणायचं कमी, कागदावर बाण जास्तीचा, आणि वर परत हार्मोनचीच गोळी? जीए, म्हणजे मणी फुगवायला द्राक्षाला देतो ते हार्मोन, जास्त झालं की काय होतं ते मी भोगलंय. एका साली दोघा गड्यांनी एकाच टाकीत आपापली पुडी टाकली. देठ सळईसारखे कडक झाले, हात लावला की मणी खाली. पुढच्या वर्षी काडीला घड पण कमी. ते डोळ्यापुढं आलं आणि मी गोळी बंद करायला लावली. तीन आठवडे झाले. परवा तपासलं, २१.३!

दुसरं असं, की शेजारचे म्हणतात तुमच्या जीएमुळंच हे झालं, ते पण हार्मोनच की. यात तथ्य आहे का?

माजी_मास्तर_सातारा
आधी डॉक्टरांना फोन करा आणि गोळी तीन आठवडे बंद होती हे लपवू नका. मग पुढचं वाचा.

टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नव्हेच. ते येतं मेंदूच्या बुडाशी लोंबणाऱ्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून. छाटणीला टोळी लावता ना? टोळी नेटानं कात्री चालवत असेल तर मुकादम बांधावर तंबाखू मळत बसतो. हात ढिले पडले की त्याची आरोळी सुरू. तुमच्या कागदावर मोजलीय ती आरोळी, छाटलेल्या काड्या नव्हेत. गळ्यातली ग्रंथी जितकी मंद, तितकी वरून आरडाओरड जास्त. गोळीनं रक्तातलं हार्मोन भरून निघालं की मुकादम आपोआप गप्प बसतो. १८ वरून ११ वर आलं म्हणजे तो गप्प बसायलाच लागला होता. तुम्ही गोळी काढून घेतलीत, त्यानं परत गळा काढला. मुकादमाच्या वरही मालक आहे, मेंदूतलाच अधश्चेतक नावाचा भाग, पण त्याचं आज राहू द्या.

डॉक्टर आधी टीएसएचच का बघतात? टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं मुख्य हार्मोन, जरासं घसरलं तरी टीएसएच कितीतरी पट उसळतं. टोळीचा आळस काड्या मोजून दिसायच्या आत आरोळीवरून कळतो.

आता जीए. १९२६ साली कुरोसावा नावाच्या जपानी संशोधकानं भाताच्या एका रोगाचा छडा लावला. रोपं भसाभसा उंच व्हायची आणि आडवी पडायची. तिथले शेतकरी त्याला 'येडं रोप' म्हणत. एक बुरशी त्या रोपांना उंच करणारं काहीतरी सोडत होती. त्यातूनच पुढं जिबरेलिन सापडलं, तुमचं जीए. झाडाच्या पेशीत ती हाक ऐकणारं प्रथिन असतं. आपल्या पेशीत ते नाही. ज्याच्या नावाची हाक त्यानंच ओ द्यायची. दोन्हींना हार्मोन म्हणतात, एवढ्यावरून नातं लावू नका.

मग झालं कशानं? आयोडीनचं मीठ खाणाऱ्या भागात बहुतेक वेळा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच या ग्रंथीवर उलटलेली असते. तो आजार १९१२ साली हाशिमोटोंनी वर्णन केला. तेही जपानीच, पण तेवढ्यावरून जीएला आरोपी करू नका.

(निवृत्त झालो तरी खोड जात नाही, म्हणून एक सांगतोच. रक्तातून निरोप जातो हे १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंगनी दाखवलं. कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याच्या सगळ्या नसा तोडल्या, त्यात आम्ल सोडलं, तरी लांबच्या स्वादुपिंडाला पाझर फुटला. 'हार्मोन' हा शब्द स्टार्लिंगनी १९०५ साली वापरात आणला. आणि बेलिस म्हणजे स्टार्लिंगचे दाजी बरं का!)

मिरज_लॅबवाली
मास्तरांनी सांगितलं त्यात भर नाही, फक्त दादांच्या पीपीएमचा हिशेब करते. मणी फुगवायला जीएच्या ४० पीपीएम पाण्यात घड बुडवता (डिपिंग), म्हणजे लिटरला ४० मिलिग्रॅम. रक्तात एकूण टी-फोर लिटरला साधारण ८० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०८ पीपीएम. तुमच्या बादलीपेक्षा ५०० पट पातळ! त्यातलंही ९९.९ टक्क्यांहून जास्त रक्तातल्या प्रथिनांना चिकटून असतं, मोकळं उरलेलं तेवढंच पेशीत शिरतं. म्हणून या गोळीचा डोस मायक्रोग्रॅममध्ये. पुडीचा अंदाज इथं लावायचा नाही.

दर आठवड्याला रक्त द्यायलाही येऊ नका. टी-फोर रक्तात निम्मं व्हायला सात दिवस लागतात, डोस बदलला की सगळं स्थिर व्हायला सहा आठवडे जातात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा, काही मशीनवर त्यानं आकडा चुकतो.

आणि एक विचारू? वहिनी गोळी घेतात कधी, कशाबरोबर?

द्राक्षवाला_तासगाव
पहाटे पाचला, चहाच्या पहिल्या घोटाबरोबर. त्याच वेळी कॅल्शियमची पण. दोन्ही एकदम उरकते.

वाईची_काकू
अहो दादा, घोळ इथंच आहे! मी चौदा वर्षं ही गोळी घेतेय. चहा आणि कॅल्शियम दोन्ही तिला पोटात नीट शोषू देत नाहीत. माझी बाटली टूथब्रशच्या शेजारी असते. उठलं की गोळी आणि साधं पाणी. मग आंघोळ, देवपूजा, आणि तासाभरानं चहा. कॅल्शियम रात्री. लोहाची गोळीसुद्धा चार तास लांब ठेवायची.

राग मानू नका, पण बागेत पानावर एक डाग दिसला तर सल्लागाराला तीनदा फोन लावता, आणि बायकोची गोळी कुणाला न विचारता बंद?

द्राक्षवाला_तासगाव
काकू, बरोबर बोललात. गपगुमान ऐकून घेतलं. एकच शंका राहिली. माझ्या चुलत्यांना इन्सुलिन आहे, ते पण हार्मोनच. मग त्यांना सुई आणि हिला गोळी, असं का?

माजी_मास्तर_सातारा
इन्सुलिन हे प्रथिन, दोन साखळ्यांत मिळून ५१ अमिनो आम्लं. तोंडानं दिलं तर पोट त्याला डाळीसारखं पचवून टाकतं. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत पहिल्या रुग्णाला दिलं तेव्हापासून बहुतेक सुईच. थायरॉइडचं हार्मोन त्यामानानं चिमुकलं, आयोडीनचे चार अणू असलेलं. ते न पचता आतड्यातून रक्तात जातं. म्हणूनच तर चहाचं पथ्य.

द्राक्षवाला_तासगाव
दोन महिन्यांनी लिहितोय. डॉक्टरांनी आधी मला झाडलं, मग ती ५० चीच गोळी, पण नुसत्या पाण्याबरोबर घ्यायला सांगितली. डोस वाढवला नाही. काल रिपोर्ट आला, ५.२. शाल पेटीत गेली. कॅल्शियम रात्रीच्या भाकरीनंतर लावलंय. गोळीची बाटली मात्र तिनं माझ्या हाताला लागणार नाही अशी वरच्या फळीवर ठेवलीय. पुढचं रक्त गणपतीनंतर.