नवा कीबोर्ड कशाला? सेटिंग बदला

विंडोजचा कीबोर्ड मॅकला जोडला की कॉपी-पेस्ट करताना बोटं चुकतात, मग मॅकवाला नवा घ्यावा का, असं एकाने विचारलंय. अजिबात नको, उगाच खर्च. मॅकवर विंडोजचं बटण कमांडचं काम करतं आणि आल्ट ऑप्शनचं. फक्त दोघांच्या जागा उलट. सिस्टीम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, मॉडिफायर कीज असं जा. तिथे आधी वर बाहेरचा कीबोर्ड निवडा (नाहीतर लॅपटॉपचीच बटणं उलटतील!) आणि ऑप्शन-कमांडची अदलाबदल करा. आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात निम्मी मंडळी असंच काम करतात. स्क्रीनशॉटला मात्र कमांड-शिफ्ट-४, प्रिंट स्क्रीन विसरा. मराठी इनस्क्रिप्टचं (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित बटणमांडणी) टेन्शन नको, क आपला 'के'च्याच बटणावर.