मुंबई बघायला येतोय, पण कुणाच्या दारात किती जावं?

गोदाकाठची

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण चार दिवस मुंबईला येतोय. सासरे ७६, सासूबाई ७२, मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ९ ची आणि आम्ही दोघं. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने थेट सीएसएमटी, मुक्काम गिरगावात. गेटवे, घारापुरी, राणीबाग, मरीन ड्राइव्ह यावर घरात एकमत आहे. वाद आहे तो नवऱ्याच्या यादीवरून. त्याला मुलांना 'खरी मुंबई' दाखवायची आहे: एखादी चाळ आतून, गिरगावातली जुन्या घरांची खोताची वाडी, वरळी कोळीवाडा, बाणगंगा, धारावीत एक फेरी आणि सकाळची गर्दीची लोकल.

मला यातलं निम्मं खटकतं, त्याला कारण आहे. २०१५ च्या कुंभमेळ्यात आमच्या जुन्या वाड्याच्या अंगणात अनोळखी लोक सरळ आत यायचे. सासूबाई तुळशीला पाणी घालत असताना दोघांनी त्यांचे फोटो काढले. त्या आजही तो विषय निघाला की गप्प होतात. तेच आपण दुसऱ्याच्या दारात जाऊन करायचं का? मुंबईकरांनी मोकळेपणाने सांगावं.

गिरगावातला

विचारलंत म्हणून बरं वाटलं. चाळीत माझी चाळीस वर्षं गेली. गॅलरी बाहेरच्याला रस्त्यासारखी दिसते, पण तो आमच्या घराचाच भाग आहे. खोली एवढीशी, त्यामुळे आजोबांची खाट गॅलरीत, मुलांचा अभ्यास गॅलरीत, पापड गॅलरीत. गेल्या वर्षी पाच-सहा जणांचा गट जिना चढून वर आला आणि मोबाइलवर शूटिंग करत सगळा मजला फिरला. आई न्हाऊन केस विंचरत बसली होती. भावाने हटकलं तर म्हणे, "आम्ही काही नेत नाही आहोत, फक्त बघतोय." आई त्यानंतर आठवडाभर दार लोटून बसायची. गॅलरीकडचं दार दिवसा बंद ठेवायची आमच्याकडे पद्धतच नाही.

चाळ बघायची तर गणपतीत या. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणपती बसतो, तेव्हा आरतीला कुणीही उभं राहावं. इतर दिवशी जिना चढू नका.

काळाचौकीकर

हे मला अजिबात पटत नाही. मीही चाळीतच वाढलो. आमच्या मजल्यावर कोण कुठून आला हे कुणी विचारत नसे. गावाहून आलेला माणूस पथारी टाकून महिना महिना राहायचा. दार लोटून बसायचं हे ब्लॉकमधलं शिक्षण आहे, चाळीचं नाही. आणि आता चाळी उरल्यात किती? बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहतायत, वरळीतल्या काही कुटुंबांना २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्याही मिळाल्या. त्यांचं भलं झालं, आनंदच आहे. पण नाशिकच्या त्या नऊ वर्षांच्या मुलीला, एका मजल्यावर वीस बिऱ्हाडं भांडत, हसत, एकमेकांची पोरं सांभाळत कशी राहिली, हे उद्या कुठे दिसणार? येऊ द्या त्यांना. कॅमेरा खाली ठेवायला सांगा, बस.

गिरगावातला

काळाचौकीकर, गावाहून आलेला माणूस कुणाकडे तरी आलेला असायचा. मजल्यावर शिरताना तो नाव घ्यायचा, "सावंतांकडे आलोय." आमच्याकडे आलेले ते सहा जण कुणाकडेच आले नव्हते.

वरळीची

मी कोळीवाड्यातली. आमच्याकडे बिनधास्त या, फक्त बाजाराला आल्यासारख्या या. सकाळी मासळी घेऊन बसलेल्या बाईसमोर चार जण उभे राहतात, पापलेट हातात धरून फोटो काढतात, भाव विचारतात आणि निघून जातात. तेवढ्या वेळात तिचं खरं गिऱ्हाईक मागच्या मागे पुढच्या पाटीकडे गेलेलं असतं. पहाटेपासून बसलेली असते ती. निदान सुका जवळा तरी घ्या, नाशिकपर्यंत खराब होत नाही.

दुसरं, पोरांना जाळ्यांवरून चालू देऊ नका. वाळत घातलेलं जाळं म्हणजे पसरलेला कचरा नव्हे, आणि ते फाटलं तर शिवण्यात माणसाचा आख्खा दिवस जातो. होडीवर चपला घालून चढू नये, नारळी पुनवेला आम्ही तिची पूजा करतो. दिवाळीत याल तर बंदर चालू असेल. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, त्या दिवसांत येऊन "इथे काहीच नाही" म्हणणारेही भेटतात.

वरळीचा किल्ला बघा, तो सगळ्यांचा आहे. त्याच्या वाटेवरची घरं आमची आहेत.

साडेआठची लोकल

गर्दीची लोकल 'अनुभवायला' येऊ नका, ही कळकळीची विनंती. सकाळी आठ ते अकरा चर्चगेट-सीएसएमटीकडे आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ उलट दिशेला, या वेळा टाळा. प्रश्न नुसत्या जागेचा नाही. दारात उभं कुठे राहायचं, कोणतं स्टेशन कोणत्या बाजूला येतं, उतरणाऱ्याने दोन स्टेशनं आधीच पुढे कसं सरकायचं, हे आम्हाला अंगवळणी पडलेलं असतं. तुमचे ७६ वर्षांचे सासरे दादरला मध्येच अडकले तर त्यांचाही जीव धोक्यात आणि मागच्या पन्नास जणांचाही. दुपारी बारा ते चार निघा, मुलांना खिडकी मिळेल. उपनगरी गाड्यांचं एक, तीन आणि पाच दिवसांचं पर्यटक तिकीट मिळतं, ते घ्या. रविवारी मेगाब्लॉक कुठे आहे ते आधी बघा. आणि मुलगा तेराचा आहे ना? महिलांच्या डब्यात बारा वर्षांखालचीच मुलं चालतात, तेव्हा तो बाबांबरोबर.

विक्रोळीचा

तिकीट काढलंय, मग त्यांनी कोणत्या गाडीत बसायचं हे आपण कोण ठरवणार? कुर्ल्याला सकाळी येणाऱ्या पाहुण्याकडे लोक असं बघतात की जणू त्याने कुणाची तरी जागा चोरली. बायकापोरं बॅगा घेऊन भेदरून उभी असतात आणि एक माणूस सरकत नाही. रहिवाशांचा मान हवा, कबूल. पण पाहुण्याचा मान हीसुद्धा आपलीच रीत आहे.

साडेआठची लोकल

सरकायला जागा असती तर सरकलो असतो हो.

तिसरा मजला

मुक्काम हॉटेलात आहे की एखाद्या सोसायटीतला फ्लॅट रोजाच्या भाड्याने घेतलाय? आमच्या इमारतीत दोन फ्लॅट असे चालतात. दर दोन दिवसांनी नवी माणसं, रात्री एकला लिफ्टमध्ये बॅगांची खडखड. सगळ्यात जास्त त्रास पाण्याचा. आमच्याकडे पाणी ठरलेल्या वेळी येतं, टाकी तेवढ्यावर दिवसभर पुरवायची असते. पाहुणे नळ सोडून दात घासतात, आणि संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या आजी कोरड्या. हे शहर सात तलावांवर जगतं, पाऊस लांबला की कपात ठरलेली.

गोदाकाठची

हॉटेलच आहे. पाण्याचं पटलं, मुलांना सांगते. पण एक राहवत नाही म्हणून लिहिते. त्या सातांपैकी अप्पर वैतरणा आमच्या नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात आहे. त्या भागातल्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरताना मी पाहिल्यात. आणि हुतात्मा चौकातल्या संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या यादीत बेळगाव-निपाणीचीही नावं आहेत. मुंबईत येताना आम्हाला परक्या गावात आल्यासारखं वाटत नाही, वाटूही नये. दारात जाताना विचारून जाऊ. शहरात यायला मात्र परवानगी मागणार नाही.

तिसरा मजला

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मान्य.

कुंभारवाड्याची भाची

धारावीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. माझी मावशी तिथल्या कुंभारवाड्यात राहते. फेऱ्या नेणारी काही पोरं तिथलीच आहेत, त्यांचं घर त्यावर चालतं, त्यामुळे सरसकट बंद करा म्हणणाऱ्यांशी मी भांडते. पण "बघा, हे लोक कसे राहतात" असं मुलांच्या कानात कुजबुजणारे आईबाप मी पाहिलेत. मावशीला मराठी समजतं, हे त्यांच्या गावीही नसतं. तुम्ही दिवाळीत येताय तर फेरी वगैरे नको, पणत्या घ्यायला या. दिवाळी म्हणजे तिथला ऐन हंगाम, भट्ट्यांचा धूर, अंगणभर मांडलेल्या पणत्या. मुलांनी चाकाकडे पाहत उभं राहिलं तर कुणी हाकलत नाही. मुलीला मातीला हात लावायचा असेल तर विचारा.

वाळकेश्वरची

बाणगंगेवर जरूर या. १७१५ च्या सुमारास रामा कामतांनी बांधून काढलेला तलाव आहे, सासूबाईंना आवडेल. मात्र पायऱ्यांवर कुणी क्रियाकर्म करत बसलेलं असतं. डोकं भादरलेला मुलगा बापाला पाणी सोडतोय आणि मागे सेल्फी चाललाय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तसं दिसलं तर पलीकडच्या बाजूने उतरा.

गोदाकाठची

काल रात्री हे सगळं घरात मोठ्याने वाचलं. सकाळची लोकल आणि धारावीची फेरी रद्द, पणत्या मात्र घेणार. कोळीवाड्यात सकाळी पिशवी घेऊन जाऊ. घारापुरी सोमवारी बंद असते, म्हणून ती शनिवारी, राणीबागेला बुधवारी सुट्टी, म्हणून सोमवारी. खोताची वाडी दिवसाउजेडी, गल्लीतून, जिन्यांवर न बसता. चाळीवरून नवरा अजून काळाचौकीकरांच्या बाजूने आहे आणि मी गिरगावातल्यांच्या. सासूबाईंचं म्हणणं, कुणी बोलावलं तरच जायचं.

काळाचौकीकर

मी माझं मत बदललेलं नाही. आमची चाळ आता नाही, नाहीतर मीच बोलावलं असतं.

गिरगावातला

मग आमच्याकडे या. फराळाला. सकाळी दहानंतर, तोवर सगळ्यांचं पाणी भरून झालेलं असतं. जिन्यात कुणी विचारलं तर आमचं नाव सांगा, ते निरोपात कळवतो. आधी आईला विचारतो आणि मग नक्की सांगतो.