आत्तींची तपासणी कानडीत झाली. मराठीतून कुठे होईल? आणि संध्याकाळचं काय करू?

शिवणवाली, खानापूर तालुका:
आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, 76 वर्षांच्या. दोन वर्षं झाली, विसरणं वाढतच चाललंय. आधी चहात मीठ, मग गॅस चालू ठेवून परसात. शेजारी म्हणतात, वय झालं. शेवटी बेळगावला एका दवाखान्यात दाखवलं.

डॉक्टर पोरगेला, स्वभावाने चांगला, पण सगळे प्रश्न कानडीत. आत्तींना बाजारापुरती कानडी यायची, तीही वर्षभरात गेली. मीच मोडकंतोडकं मराठी करून सांगत होते. शंभरातून सात वजा करत जा म्हणाला. आत्ती शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. दोन पायल्यांचे शेर किती ते विचारलं असतं तर आठ म्हणून पटकन सांगितलं असतं. मग विचारलं, आपण कुठल्या राज्यात आहोत? आत्ती ठणकावून म्हणाल्या, "महाराष्ट्र!" गेला मार्क. लग्न होऊन आल्यापासून या घरात 'बेळगाव, कारवार, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ऐकत आलेली बाई दुसरं काय सांगणार? आमच्या गल्लीत शहाणीसुरती माणसंही हेच उत्तर देतील.

आजार नाही असं मी म्हणत नाही. आहेच. पण किती आहे ते या परीक्षेवरून कसं कळायचं?

दुसरं म्हणजे संध्याकाळ. दिवे लागले की आत्ती बोचकं बांधतात. लुगडं, अडकित्ता, एकदा तर रेशनकार्ड. "जातो गं मी, चंदगडची गाडी चुकंल." माहेरी आता कोणी नाही, हे सांगितलं की रडतात, जणू आत्ताच कळलं. रोज तेच. आठ महिन्यांत मी एका लग्नाला गेले नाही. दिवसभर सांभाळणारं एखादं केंद्र आहे का आपल्याकडे?

निपाणीकर:
ताई, वडिलांच्या वेळी आम्ही यातून गेलोय. आधी रक्त तपासून घ्या: बी-12, थायरॉईड, सोडियम. यातलं काही बिघडलं तरी माणूस विसरतो आणि ते औषधाने सुधारू शकतं. एकदोन दिवसांतच भ्रम वाढला तर लघवीही तपासा. आमच्या अण्णांना लघवीच्या जंतुसंसर्गाने तसंच झालं होतं.
परीक्षेबद्दल तुमचं बरोबर आहे. शिक्षण आणि भाषा यांनी गुण बदलतात, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. स्वयंपाक, पैसे मोजणं, अंघोळ यांतलं पूर्वी काय जमायचं आणि आता काय जमत नाही, ते कागदावर लिहून न्या. तो कागद कामाचा. आम्ही धारवाडच्या डिमहान्सला, म्हणजे मेंदू आणि मनाच्या आजारांच्या सरकारी दवाखान्यात, गेलो होतो. घरून विचारायचं तर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, 14416, फुकट आहे आणि भाषा निवडता येते. ज्येष्ठांसाठी मदतीचा नंबर 14567 वेगळा.

माई, शहापूर:
अगं, माहेरी कोणी नाही हे सांगूच नकोस. रोज नव्याने मयत ऐकवतेस तू त्यांना. म्हणायचं, "गाडी सहाची हाय, तोवर चहा घेऊ." मग शेंगा निवडायला बसव. आणि माहेरच्या गोष्टी विचार, सांगू दे.
एक काम आजच कर. नाव आणि फोन नंबर कापडी पट्टीवर लिहून चोळीच्या आत शिव. तुझ्या हातचं काम आहे. मराठीत आणि कानडीत, दोन्ही लिही. चुकून गाडीत बसल्या तर कुठल्या बाजूला उतरतील, सांगता येतं का?
तसं केंद्र मी खूप शोधलं, आपल्या तालुक्यांत मला सापडलं नाही. नणंदांना महिन्याचे चार दिवस वाटून दे. लाजू नको.

शिवणवाली, खानापूर तालुका:
पट्टी शिवली. कानडी अक्षरं धाकट्याने काढून दिली. चहाची युक्ती तीन दिवस चालली, चौथ्या दिवशी म्हणाल्या, "काल पण सहाचीच म्हणालीस." हे बरं लक्षात राहिलं! आता शेंगांवर भागवते. थोरल्या नणंदेने चार नाही, दोन दिवस कबूल केलेत.
रक्त दिलंय. पुढच्या आठवड्यात धारवाड. सांगितल्यावर आत्ती म्हणाल्या, तिथं नको. का, तर "नंग कन्नड बरंगिल्ल." मला कानडी येत नाही, हे चक्क कानडीत.