शब्दचर्चा: स्लगर, रिलिव्हर, क्लोजर, सेव्ह – मराठीत काय लिहावं?

भाषांतरी
बेसबॉलवरचा एक लेख मराठीत आणायचा आहे. पस्तिशी ओलांडलेले स्लगर (लांब फटक्यांचे फलंदाज) आणि रिलीफ पिचर (सामना चालू असताना दुसऱ्याच्या जागी चेंडू टाकायला येणारे), या दोन जातींच्या खेळाडूंवर संघ डोळे झाकून पैसे ओततात, असा त्याचा सूर आहे. अडलेले शब्द: एजिंग स्लगर, रिलीफ पिचर, क्लोजर, सेव्ह, ब्लोन सेव्ह, होल्ड. 'वयोवृद्ध षटकारवीर', 'बदली गोलंदाज', 'बचाव' असं लिहून पाहिलं, पण खटकतंय. क्रिकेटचे शब्द कुठवर चालतील?

तिसरा बेस
'षटकारवीर' आधी काढा. षटकार म्हणजे सहा धावा, कधीही. होम रन, म्हणजे थेट मैदानाबाहेर मारलेला फटका, एकापासून चार धावांपर्यंत कितीचाही असतो. बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यांवर, किती जण उभे आहेत त्यावर ठरतं. शिवाय स्लगर म्हणजे नुसता होम रनवाला नव्हे. तो ज्या आकड्यानं जोखला जातो त्या स्लगिंगमध्ये सिंगलला १, डबलला २, ट्रिपलला ३ आणि होम रनला ४ बेस धरतात, आणि एकूण बेसना अ‍ॅट-बॅटनं (फलंदाजीच्या मोजलेल्या खेपांनी) भागतात. वॉक (चेंडू न मारता मिळालेला पहिला बेस) मिळाला तर तो अ‍ॅट-बॅट धरत नाहीत.

लेखाचा मुद्दा कळायला हे गणित लागेल. ५०० अ‍ॅट-बॅट, ८० सिंगल, २५ डबल, ३० होम रन: बेस झाले २५०, स्लगिंग ०.५००, सरासरी (एकूण यशस्वी फटके भागिले खेपा) ०.२७०. तोच गडी उतरतीला लागला की ६५ सिंगल, १८ डबल, २५ होम रन: बेस २०१, स्लगिंग ०.४०२, सरासरी ०.२१६. होम रन फक्त पाचच कमी झाले, म्हणून पेपरात तो अजून 'तुफानी'. बाकीचं सगळं गळालं, ते कुणी पाहत नाही. 'षटकारवीर' लिहिलंत तर नेमका हाच भ्रम तुम्ही मराठीत पक्का कराल.

कानामात्रा
'फटकेबाज' घ्या. मात्र आपल्याकडे हा शब्द 'स्लॉग'च्या सावलीत वावरतो: आडवी बॅट, डोळे मिटून घुमवली, लागली तर लागली. बेसबॉलमध्ये सगळ्यांचीच बॅट आडवी असते, त्यामुळे त्यात तुच्छता काही नाही. स्लगर ही शिवी नव्हे, स्लॉगर थोडी आहे. पहिल्या उल्लेखात 'लांब फटक्यांचा फलंदाज' असं उलगडून पुढे 'स्लगर' चालवलं तर कुणी अडणार नाही.

'वयोवृद्ध' तर हसण्यासारखं आहे. छत्तीस वर्षांच्या माणसाला वयोवृद्ध म्हणाल तर चाळिशीतले वाचक लेख तिथेच मिटतील. मराठीत पस्तिशी, चाळिशी असे सोईचे शब्द तयार आहेत. 'पस्तिशी ओलांडलेला', 'चाळिशीकडे झुकलेला', आणि खेळ घसरलाय हे सांगायचं असेल तर 'उतरतीला लागलेला'. नुसतं वय आणि घसरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजी शब्दात त्या मिसळल्या आहेत, मराठीत वेगळ्या ठेवता येतात.

तिसरा बेस
हो, आणि त्या वेगळ्याच ठेवा. डेव्हिड ऑर्टिझनं २०१६ साली, चाळिशीत, शेवटच्या हंगामात ३८ होम रन, ४८ डबल, १२७ आरबीआय (फटक्यामुळे आलेल्या धावा) आणि ०.३१५ सरासरी केली. पस्तिशी केव्हाच ओलांडलेली, उतरती मात्र नाही. उलट रायन हॉवर्ड. फिलाडेल्फियानं त्याला एप्रिल २०१० मध्ये ५ वर्षांचा १२.५ कोटी डॉलरचा वाढीव करार दिला, जो लागू होणार होता २०१२ पासून. २०११ च्या प्लेऑफमध्ये शेवटचा आऊट होताना त्याचा टाचेचा स्नायुबंध तुटला. म्हणजे करार सुरू व्हायच्या आधीच माणूस उतरला.

लेखात 'बॅट स्पीड' येईलच. ९५ मैलांचा, म्हणजे साधारण १५३ किमीचा चेंडू हातातून सुटून प्लेटवर, म्हणजे फलंदाजापाशी, यायला सुमारे ०.४ सेकंद लागतात. त्यातले दीडशे मिलिसेकंद बॅट फिरण्यातच जातात. बॅट थोडी मंदावली की फलंदाज ते भरून काढायला बॅट आधी काढतो. मग वेगवान चेंडू लागतो, पण बाहेर जाणाऱ्या स्लायडरवर (शेवटी आडव्या वळणाऱ्या चेंडूवर) बॅट निघून गेलेली असते. पिचरांना हे दोन आठवड्यांत कळतं. पहिल्यांदा जातात ते उलट्या बाजूला मारलेले डबल आणि आतल्या क्षेत्ररक्षकांच्या वरून पडणारे सिंगल. ताकद सगळ्यात शेवटी जाते. चुकून मधोमध आलेला चेंडू चाळिशीतही मैदानाबाहेर जातो, म्हणून मालक फसतात.

आल्बर्ट पुहोल्सचं उदाहरण लेखात असेलच. डिसेंबर २०११ मध्ये एंजल्स संघानं त्याला १० वर्षांसाठी २४ कोटी डॉलर दिले. २०१७ साली त्याचे २३ होम रन आणि १०१ आरबीआय होते, वाचायला झकास. सरासरी मात्र ०.२४१, आणि बेसवर जाण्याचं प्रमाण ०.३०० च्याही खाली. आरबीआय झाले कारण त्याच्या पुढे माइक ट्राउट सारखा बेसवर असायचा. इथे 'आरबीआय' तसंच ठेवा, पण पहिल्यांदा 'फटक्यामुळे आलेल्या धावा' असं सांगून टाका. नाहीतर मराठी वाचकाला रिझर्व्ह बँक आठवेल.

बोस्टनकर
पुहोल्सचा शेवट पण सांगा की! २०२२ मध्ये सेंट लुइसला परत येऊन २४ होम रन, एकूण ७०३. सातशेवा लॉस एंजेलिसच्या मैदानात, २३ सप्टेंबरला.

तिसरा बेस
सांगा, जरूर. पण ते एका वर्षाच्या करारावर झालं, आणि मुख्यतः डावखुऱ्या पिचरांविरुद्ध निवडून खेळवल्यामुळे. उतरतीच्या स्लगरला असंच वापरायचं असतं: एक वर्ष, अर्धं काम, सोयीचा पिचर. दहा वर्षांचा करार आणि रोज चौथा क्रमांक, हे नव्हे.

सॉफ्टबॉलवाला
डीएचला मराठीत काय? 'नियुक्त फलंदाज' वाचलंय. शासकीय परिपत्रकातला वाटतो.

कानामात्रा
'फक्त फलंदाजी करणारा (डीएच)' असं एकदा लिहा, पुढे डीएच.

तिसरा बेस
डीएच दोन लीगपैकी अमेरिकन लीगमध्ये १९७३ पासून, नॅशनलमध्ये कायमचा २०२२ पासून. आता तीसही संघांत ही जागा आहे, म्हणजे म्हाताऱ्या स्लगरांची चंगळ, असं लोकांना वाटलं होतं. प्रत्यक्षात बरेच संघ ती जागा फिरती ठेवतात. आज शॉर्टस्टॉपला (आतल्या एका क्षेत्ररक्षकाला) अर्धी विश्रांती, उद्या कॅचरला. एकाच जड माणसाला बांधून ठेवली की बाकीच्यांची ती सोय जाते.

भाषांतरी
स्लगरचं झालं. आता रिलीफ पिचर. 'बदली गोलंदाज' का नको?

सॉफ्टबॉलवाला
कारण क्रिकेटमध्ये बदली गोलंदाज म्हणजे मधली दोन षटकं टाकून घ्यायला आणलेला. शिवाय तिथे काढलेला गोलंदाज परत येतो. बेसबॉलमध्ये सामन्यातून बाहेर गेलेला परत येत नाही. हा फरक शब्दात मावला नाही, तर प्रत्येक बदलाच्या वेळी मॅनेजरच्या पोटात गोळा का येतो ते कळणार नाही.

माझं मत: 'रिलिव्हर'च ठेवा. तो मराठीत आधीपासून आहे. वॉचमन, नर्स, कारखान्यातला ऑपरेटर सगळे म्हणतात, 'रिलिव्हर आल्याशिवाय जागा सोडता येत नाही'. अर्थ तोच: चालू काम आहे त्या अवस्थेत ताब्यात घेणारा. आणि 'पिचर' म्हणा. शाळांच्या सॉफ्टबॉल स्पर्धांत पिचर, कॅचर, बेस हेच शब्द चालतात, 'गोलंदाज' कुणी म्हणत नाही. 'पिच' मात्र टाळा. आपल्याकडे पिच म्हणजे खेळपट्टी. तिथे 'चेंडू' लिहा.

तिसरा बेस
'आहे त्या अवस्थेत' हे फार नेमकं सांगितलंत. आधीच्या पिचरनं बेसवर ठेवलेले रनर रिलिव्हरच्या गळ्यात पडतात, पण ते धावले तर धावा आधीच्याच्या नावावर लागतात. समजा, एकही आऊट नाही, बेस भरलेले, रिलिव्हर आला आणि पहिल्याच चेंडूवर डबल खाऊन तिघांना घरी जाऊ दिलं, म्हणजे तीन धावा झाल्या. त्याच्या ईआरएला (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांच्या सरासरीला) धक्काही नाही. दुसरा रिलिव्हर तशाच परिस्थितीत येऊन तिघांना बाद करतो, त्याच्याही ईआरएमध्ये एक इनिंग, शून्य धावा, एवढंच दिसतं. म्हणून रिलिव्हरचा नुसता ईआरए लिहिणारा लेख अर्धवट असतो. 'आयते आलेले रनर किती, त्यातले घरी किती गेले' हा आकडा शेजारी हवा.

दुसरी भानगड, इनिंग थोड्या. हंगामात रिलिव्हर साठेक इनिंग टाकतो. ६० इनिंगमध्ये २० धावा म्हणजे ईआरए ३.००, उत्तम. एका संध्याकाळी एकच आऊट मिळवून ५ धावा दिल्या की तोच ३.७३. त्या एका संध्याकाळीमुळे पुढच्या वर्षी त्याला कुणी विचारत नाही, आणि उलट बाजूनं, एका नशीबवान वर्षावर चार वर्षांचा करार मिळतो. मी असतो तर रिलिव्हरला दोन वर्षांपलीकडे सही केली नसती. एडविन डियाझला मेट्सनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ५ वर्षांचे १०.२ कोटी डॉलर दिले. मार्च २०२३ मध्ये देशाकडून खेळताना विजयाच्या जल्लोषात त्याचा गुडघा गेला आणि अख्खा हंगाम बुडाला. ते नशीब, मान्य. पण पाच वर्षं लिहून दिली की असल्या नशिबाला जागा मिळते.

बोस्टनकर
मग यँकीजचा रिलिव्हर मारियानो रिव्हेरा? त्रेचाळिसाव्या वर्षी ४४ सेव्ह, म्हणजे आघाडी राखून संपवलेले सामने.

तिसरा बेस
रिव्हेराचा दाखला देऊन कुणालाही करार देऊ नये. ६५२ सेव्ह, प्लेऑफमध्ये ईआरए ०.७०, हॉल ऑफ फेममध्ये एकमतानं निवडलेला पहिला आणि आजवरचा एकमेव. हे सगळं मुख्यतः कटर नावाच्या एका चेंडूवर, जो डावऱ्या फलंदाजाच्या मुठीत शेवटच्या क्षणी घुसून बॅटी मोडायचा. पण त्यात एक धडा आहे. वेगावर जगणारा रिलिव्हर वेगासोबत संपतो. चेंडू शेवटी कुठे वळेल ते हातात असलेला टिकतो. ट्रेव्हर हॉफमनचंही तेच. खांद्याच्या दुखापतीनंतर वेग गेला, चेंजअपवर (फसवून हळू टाकलेल्या चेंडूवर) ६०१ सेव्हपर्यंत पोचला. 'मुरलेला' हा शब्द रिलिव्हरला शोभतो. स्लगरला वापरू नका. स्लगर मुरत नाही, फक्त मंदावतो.

कानामात्रा
क्लोजरसाठी 'हुकमी एक्का' कसा? 'फिनिशर' नको, तो धोनीनं अडवून ठेवलाय.

तिसरा बेस
छान वाटतो, पण उलटा पडेल. हुकमाचा एक्का कुठल्याही हातावर टाकता येतो. क्लोजरला नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगपर्यंत राखून ठेवतात, आणि दुखणं तिथेच आहे. ४ ऑक्टोबर २०१६, ओरिओल्स विरुद्ध ब्लू जेज, हरणारा घरी. ओरिओल्सचा क्लोजर झॅक ब्रिटन त्या हंगामात ४७ पैकी ४७ सेव्ह करून बसलेला. सामना बरोबरीत, बाहेरच्या मैदानावर, म्हणून मॅनेजर बक शोवॉल्टर आघाडी मिळायची वाट पाहत राहिला. अकराव्या इनिंगमध्ये ओरिओल्सच्या उबाल्डो हिमेनेझला ब्लू जेजच्या एन्कार्नासिऑननं तीन धावांचा होम रन मारला. ब्रिटन बुलपेनमध्येच (रिलिव्हर तयारी करतात त्या जागेतच) राहिला. त्याच महिन्यात क्लीव्हलंडनं आपला रिलिव्हर अँड्र्यू मिलर याला पाचव्या-सहाव्या इनिंगमध्येही आणलं आणि वर्ल्ड सिरीज गाठली. माझ्या हिशेबी एक्का मिलर होता. ब्रिटनचा त्या रात्री एक्का होऊ दिला नाही.

'क्लोजर'च लिहा, आणि अर्थ सांगा: आघाडी असताना शेवटची इनिंग टाकणारा ठरलेला पिचर.

भाषांतरी
'सेव्ह'चा नियम एकदा सांगाल का? 'बचाव' तर कबड्डीत गेला.

तिसरा बेस
१९६९ पासून अधिकृत. पिचर विजयी संघाचा हवा, सामना त्यानंच संपवायला हवा, विजय त्याच्या नावावर नको आणि किमान एक आऊट त्यानं मिळवलेला हवा. शिवाय तीनपैकी एक: येताना आघाडी तीन किंवा कमी आणि त्यानं पूर्ण इनिंग टाकली, किंवा येताना बरोबरीची धाव करू शकणारा बेसवर, बॅटिंगला किंवा त्याच्या पाठोपाठ बॅटिंगला उभा, किंवा शेवटच्या तीन इनिंग नीट टाकल्या.

पळवाट बघा. तीनच्या आघाडीवर येऊन दोन धावा दिल्या तरी सेव्ह. त्या दिवसाचा ईआरए १८.०० आणि छाती पुढे. सातव्यात एकाच्या आघाडीवर भरलेले बेस सोडवणाऱ्याला फक्त होल्ड (आघाडी टिकवून पुढच्याच्या हाती दिल्याची नोंद), जो नियमपुस्तकात नाहीच.

'ब्लोन सेव्ह'ला 'सेव्ह हुकला' लिहू नका. सातव्या इनिंगमध्ये आलेला पिचर आघाडी गमावून बसला तरी त्याच्या नावावर ब्लोन सेव्ह लागतो, जरी सामना टिकला असता तरी सेव्ह त्याला मिळणारच नव्हता. जे मिळणारच नव्हतं ते हुकेल कसं? 'आघाडी घालवली' हेच खरं.

सॉफ्टबॉलवाला
बुलपेनबद्दल एक. 'राखीव पिचरांचा कट्टा' असं कुठेतरी वाचलं. कट्ट्यावर माणूस बसतो, इथे काम चालतं. उठवून वीस-पंचवीस चेंडू टाकायला लावायचे, मग मॅनेजरचं मन बदललं की परत बसवायचं. सामन्यात आला नाही म्हणून कागदावर विश्रांती, खांद्याला मात्र नाही. तीन दिवसांत दोनदा असं झालं की चौथ्या दिवशी तोच स्लायडर वळत नाही आणि लोक म्हणतात फॉर्म गेला. मराठीत 'तापवून बसवणं' म्हणता येईल.

भाषांतरी
'तापवून बसवणं' घेतो. लिंगाचं काय? सेव्ह मिळाला की मिळाली?

कानामात्रा
'कॅच सुटला' तसा 'सेव्ह मिळाला'. इनिंग मात्र स्त्रीलिंगी. होम रन पुल्लिंगी, अनेकवचनातही तसाच: 'दोन होम रन मारले'.

भाषांतरी
पहिलं वाक्य असं करतोय: 'पस्तिशी ओलांडलेला स्लगर आणि गेल्या वर्षी गाजलेला रिलिव्हर, दोघांनाही लांबचा करार देणारा संघ मागच्या हंगामाचे पैसे पुढच्या हंगामात मोजतो.'

तिसरा बेस
'लांबचा' नको, 'लांबलचक' किंवा सरळ 'पाच वर्षांचा'. बाकी ठीक.