हॉस्टेल निवडताना फसलात का कधी? या, सांगा

भाची पहिल्यांदाच एकटी हंपीला निघालीये. काल फोनवर म्हणे, "मावशी, ६ बेडची डॉर्म घेऊ की १० ची?" आणि मला जयपूरची ती रात्र आठवली. नुसते फोटो बघून बुकिंग केलेलं. गच्चीवर दिव्यांच्या माळा, झोपाळा. खोली नेमकी त्याच गच्चीखाली! २ वाजेपर्यंत गिटार. मी वरच्या बंकवर, पंख्याचं पातं हातभर अंतरावर आणि चार्जिंगचा पॉइंट खालच्या बाईच्या उशाशी. तेव्हापासून आधी वाईट रिव्ह्यू वाचते, तेही ताजे. आणि फोन करून खालचा बेड मागून घेते.

कट्टेकरी: ढेकूण. गादीची शिवण उलटून बघत जा. जास्त लिहीत नाही, आठवलं तरी खाजतं.

पेठकर: सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर ४ वर्षं काढलीत. अंगाला साबण लागला की मालकीणबाई आतून गीझर बंद करायच्या. आता कुठलंही हॉस्टेल महालच वाटतं.

धनकवडीकर: घरात लग्नाचे पाहुणे, म्हणून विमाननगरला एक रात्र बुक केली. काउंटरवरचा पोरगा आधार बघून म्हणाला, "सर, लोकल आयडी चालत नाही." रात्री ११:३० ला रिक्षाने परत. बायकोने दार उघडलं, काही बोलली नाही, नुसती हसली.

पेठकर: पैसे?

धनकवडीकर: "पॉलिसी आहे सर."

भाकरवडी: 😂 वहिनींना नमस्कार सांगा.

आईसोबत_प्रवास: आई बरोबर असली की मी आधी स्टेशनवरची रिटायरिंग रूम बघते. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर लागतो. पहाटेच्या गाडीला बरं पडतं. कुकरची शिट्टी झाली, येते.

भाकरवडी: मी अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडजवळ घेतलेलं. रस्ते बंद, स्वारगेटपासून सॅक पाठीवर टाकून पायपीट. झोप कसली, ढोलांनी खिडकीची काच थरथरत होती. पण परत घेईन!

इतिहासखोर: हे खूळ एका जर्मन मास्तरांचं. रिचर्ड शिर्मान. १९०९ मध्ये पोरांना घेऊन पायी सहलीला गेले, वादळात अडकले, शाळेत रात्र काढली. मग १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात हॉस्टेल थाटलं.

कट्टेकरी: किल्ल्यात? म्हणजे आपण राजगडावर पद्मावतीच्या देवळात सतरंज्या टाकायचो तेच की.

पेठकर: तिथे उंदीर होते.

कट्टेकरी: ढेकूण नव्हते ना!

धागाकर्ती: भाचीने १० ची घेतली. वरचा बेड. फोटो छान होते म्हणे.