सायरन: ईल नव्हे, सॅलॅमँडरच

सायरन हा पाण्यात राहणारा, ईलसारखा दिसणारा प्राणी. "ही तर ईलच, उगाच उभयचरांत घातली" असं काहींना वाटतं, पण ती सॅलॅमँडर आहे, म्हणजे बेडकांसारख्या उभयचरांपैकीच, पण शेपटी असलेली. ईल हा सापासारखा लांब मासा. सायरनला पुढे दोन छोटे पाय असतात, मागचे मुळीच नाहीत आणि बाहेरचे कल्ले आयुष्यभर टिकतात. पण गोंधळ व्हायचाच, प्राणी-वनस्पतींच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या खुद्द लिनियसचाही झाला होता! अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या अलेक्झांडर गार्डन या निसर्गअभ्यासकाने त्याला नमुने पाठवले, तेव्हा १७६६ च्या सुमारास या एका प्राण्यासाठी त्याने 'मिआन्टीस' नावाचा वेगळा गणच (वर्गीकरणातला मोठा गट) काढला. पुढे तो गण मोडीत निघाला आणि सायरन सॅलॅमँडरांतच आले.

२०१८ मध्ये नाव मिळालेली 'सायरन रेटिक्युलाटा' ही जात मला जास्त रंजक वाटते. फ्लोरिडा-अलाबामाकडचे लोक या ठिपकेदार प्राण्याला आधीपासून 'लेपर्ड ईल' म्हणत. १९७५ च्या एका पुस्तकातही उल्लेख होता, पण रीतसर वर्णन नाही म्हणून शास्त्रीय नावही नाही. दोन फूट लांबीचा प्राणी अमेरिकेत इतकी वर्षं बेनाम राहतो, कमालच आहे. अर्थात गढूळ, झाडोऱ्याने भरलेल्या पाण्यात तो सापडणंच कठीण. नुसत्या ठिपक्यांवरून जात ठरली नाही, शरीररचना आणि डीएनए दोन्ही तपासले गेले.